‘वसवुथ’ भिक्षु : वर्षावासाची रीत आणि लेण्यांतील दानलेख

(१)

नाशिकजवळील त्रिरश्मि डोंगराच्या दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचे लेख आहेत, हें इतिहासप्रेमी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. त्यांपैकीं ४२ व्या वर्षाचा उल्लेख असलेल्या लेखांत ‘वसवुथान’ असा एक शब्द आला आहे. त्याची संस्कृत छाया ‘वर्षोषितानाम्’ अशी होते. पाली ग्रंथांत ह्याच अर्थीं ‘वस्संवुत्थ’ हा शब्द येतो. ज्या भिक्षूनें एका ठिकाणीं राहून विधिपूर्वक वर्षाकाल पुरा केला, तो ‘वसवुथ’ होय. फ्रेंच पंडित सेनार यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडांत (१९०५-०६) हे लेख छापले, तेव्हांपासून शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं वाद राहिलेला नाहीं. असें असूनही सामान्य लेखांतून व प्रवासवर्णनांतून ह्या शब्दाचें भाषांतर ‘लेण्यांत राहणारे भिक्षु’ असें सरसकट केलेलें आढळतें. ह्या ढिलाईनें लेखाचा निम्मा अर्थ हरवतो, असें आमचें मत आहे.

दुसरी एक समजूत अलीकडे रूढ होत आहे. इगतपुरी वगैरे ठिकाणीं दहा दिवसांच्या ध्यानशिबिरास जाऊन आलेले सुशिक्षित गृहस्थ हीं लेणीं पाहावयास जातात व तेथील अरुंद कोठड्या पाहून, भिक्षु येथें एकांतांत मौन धरून ध्यान करीत बसत आणि गृहस्थही आपल्याप्रमाणेंच शिबिरास येत, असें चित्र मनांत रंगवितात. ह्या चित्रांत खरें थोडें व कल्पित फार आहे. प्राचीन वर्षावास म्हणजे नेमकें काय, त्यांत ध्यानाचें स्थान कोणतें, आणि आपल्याकडील दानलेख त्याच्या नियमांशीं कितपत जुळतात, एवढेंच ह्या लेखांत पाहावयाचें आहे.

(२)

वर्षाकालीं संन्याशानें फिरूं नये, हा नियम केवळ बौद्धांचा नव्हे. गौतमधर्मसूत्रांत भिक्षूनें वर्षाकालीं ‘ध्रुवशील’ असावें, म्हणजे एका जागीं स्थिर राहावें, असें सांगितलें आहे. जैनांच्या आगमांत ‘वासावास’ हा शब्द प्रसिद्धच आहे, आणि आपल्या चातुर्मासाचें नातेंही ह्याच रीतीशीं आहे. विनयपिटकाच्या महावग्गांत वस्सूपनायिक नांवाचा स्वतंत्र खंधक आहे. त्यांत नियमाची उत्पत्ति अशी दिली आहे. इतर पंथांचे परिव्राजक पावसांत एके ठिकाणीं राहतात, पक्षीही घरटें बांधून बसतात, पण शाक्यपुत्रीय श्रमण मात्र हिरवें गवत तुडवीत व बारीक जीव मारीत सर्व ऋतूंत हिंडतात, अशी लोकांनीं कुरकुर केली. त्यावरून बुद्धानें वर्षावास घालून दिला. म्हणजे ध्यानासाठीं एकांत पाहिजे म्हणून हा नियम झाला नाहीं. जीवरक्षण व लोकापवाद हें त्याचें मूळ होय.

वर्षावासाचा आरंभ दोन तिथींपैकीं एकीस करितां येतो. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे आपल्या अमान्त गणनेच्या आषाढ वद्य १ स, पहिला. त्यानंतर एक महिन्यानें दुसरा. पहिल्याची समाप्ति आश्विन पौर्णिमेस होते, दुसऱ्याची कार्तिक पौर्णिमेस. राजा बिंबिसारानें अधिकमासामुळें वर्षावास पुढें ढकलण्याची विनंती केली असतां ती मान्य झाली, असाही उल्लेख तेथें आहे. कालगणनेच्या अभ्यासकांनीं तो अवश्य पाहावा.

वर्षावास कोठें करूं नये ह्याची यादी फार मनोरंजक आहे. झाडाच्या ढोलींत, झाडाच्या बेचक्यांत, उघड्यावर, प्रेतें ठेवण्याच्या खोपटांत, छत्रीखालीं आणि मोठ्या रांजणांत वर्षावास करण्यास बंदी आहे. उलट गुराख्यांच्या तळावर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर किंवा नावेंत राहून वर्षावास केला तरी चालतो. कारण तेथें भिक्षेची व आसऱ्याची सोय असते, आणि सोबतचे लोक हलले तर भिक्षूनेंही हलण्यास प्रत्यवाय नाहीं. निरोप आल्यास सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा आहे. श्वापद, सर्प, चोर, आग, पूर व अन्नाचा तुटवडा अशा संकटांत जागा सोडल्यास दोष लागत नाहीं. नियम करणाऱ्यांची दृष्टि किती व्यवहारी होती, हें ह्यावरून दिसून येईल. जागा पक्की असावी, तिला छप्पर व दार असावें, ही मुख्य अट होती. सह्याद्रीच्या पावसाचा विचार करितां कातळांत कोरलेलें लेणें ही अट ज्या रीतीनें पुरी करितें, तशी दुसरी कोणतीही वास्तु करणार नाहीं.

(३)

विहारांत जमलेल्या भिक्षूंस जागा वांटून देण्यासाठीं संघ एका भिक्षूची नेमणूक करी. चुल्लवग्गांत त्याची पद्धति दिली आहे. प्रथम भिक्षूंची मोजदाद करावी, मग शय्या मोजाव्या आणि शय्यांच्या हिशेबानें वांटणी करावी. शय्या उरल्यास विहारांच्या हिशेबानें, तरीही उरल्यास परिवेणांच्या हिशेबानें. अशा रीतीनें मिळालेली जागा तीन महिन्यांपुरती त्या भिक्षूची. पुढें कांहीं भिक्षु तीच जागा ‘उतुकालीं’ही अडवून बसूं लागले, तेव्हां वर्षेचे तीन महिने जागा राखावी, उतुकालीं राखूं नये, असा निर्बंध झाला. हा ‘उतुकाल’ शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; त्याचें प्रयोजन पुढें येईल.

तीन महिने भिक्षु काय करीत? ध्यान करीत, ह्यांत शंका नाहीं. संयुत्तनिकायांत बुद्धानें इच्छानंगल येथें तीन महिने एकांतांत घालविल्याचें वर्णन आहे. भोजन आणून देणाऱ्या एका भिक्षूवांचून कोणी भेटावयाचें नाहीं, अशी त्यानें आज्ञा केली होती. आणि हा काल बहुतेक आनापानस्मृतींत, म्हणजे श्वासोच्छ्वासावर चित्त ठेवून, गेला असें त्यानेंच मागून सांगितलें. मज्झिमनिकायांतील आनापानसति सुत्ताची पार्श्वभूमि तर प्रत्यक्ष वर्षावासाच्या समाप्तीची आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामांत वडील भिक्षु नव्या भिक्षूंस शिकवीत आहेत. कोणापाशीं दहा, कोणापाशीं वीस, कोणापाशीं तीस, तर कोणापाशीं चाळीस शिष्य आहेत. संघाची प्रगति पाहून बुद्ध आणखी एक महिना, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, तेथेंच राहण्याचें ठरवितो. एकांत हा ह्या चित्रांत आहे, पण त्याहून ठळकपणें गुरु, शिष्य व उपदेश आहेत.

मौनाविषयीं विनयाचें मत मात्र आजच्या समजुतीहून निराळें आहे. पवारणा खंधकाच्या आरंभीं कोसल देशांतील कांहीं भिक्षूंची कथा येते. आपसांत तंटा होऊं नये म्हणून त्यांनीं वर्षावासांत एकमेकांशीं अजिबात न बोलण्याचा करार केला. जो आधीं परत येईल त्यानें आसनें मांडावीं, पाणी भरावें. जो मागून येईल त्यानें आवराआवर करावी. काम एकट्यास न झेपल्यास दुसऱ्यास हातानें खुणावावें, पण शब्द बोलूं नये. तीन महिने सुखानें गेले असें त्यांनीं मोठ्या समाधानानें येऊन सांगितलें. बुद्धानें त्यांची प्रशंसा न करितां, तुम्ही पशूंसारखे एकत्र राहिलांत, असा ठपका ठेवला आणि मूकव्रत निषिद्ध ठरविलें. त्याच्या जागीं पवारणा सांगितली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्षूनें संघापुढें बसून, माझ्या आचरणांत कांहीं दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा त्याविषयीं शंका आली असेल तर कृपा करून सांगावा, अशी विनंती करावयाची. सहवासाचें फळ हें, कीं एकानें दुसऱ्याचा दोष दाखवावा व दुसऱ्यानें तो ऐकून घ्यावा. तोंड बंद ठेवून शांति राखणें म्हणजे त्या फळावर पाणी सोडणें होय.

ध्यानाच्या दुसऱ्या पायरीस, जेथें वितर्क व विचार थांबतात, ‘आर्य मौन’ म्हटलें आहे हें खरें. परंतु तें मौन चित्ताचें आहे. वर उल्लेखिलेलें मूकव्रत लोकव्यवहाराचें आहे. दोहोंची गल्लत करूं नये.

(४)

पवारणेनंतर वस्त्रांचा प्रश्न येई. पावसाळा संपतांच भिक्षु पुन्हां चारिकेस निघत, व त्या वेळीं त्यांस नवीं चीवरें लागत. म्हणून चीवरदानाचा मुख्य काल तोच. संघानें मिळालेल्या कापडाचें चीवर त्याच दिवसांत शिवून तयार करावयाचें, हा कठिन नांवाचा विधि ह्याच वेळचा. सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व सयाम येथें तो अजून दरवर्षीं होतो.

जेथें वर्षावास केला तेथीलच वस्त्रांवर भिक्षूचा हक्क, हें तत्त्व महावग्गाच्या चीवर खंधकांत एका कथेनें स्पष्ट केलें आहे. उपनंद शाक्यपुत्र नांवाचा एक लोभी भिक्षु होता. दोन ठिकाणीं वर्षावास केल्यास दोन्हीकडून वस्त्रें मिळतील, अशा हिशेबानें त्यानें दोन विहारांत जागा धरली. तक्रार आली तेव्हां बुद्धानें त्यास एकाच भिक्षूचा वांटा द्यावा असें सांगितलें. अर्धा काल एकीकडे व अर्धा दुसरीकडे राहिला असेल तर दोहोंकडून अर्धा अर्धा, आणि एकीकडे अधिक राहिला असेल तर तेथूनच. वर्षावास हा नुसता धार्मिक नियम नसून त्यापासून हक्क उत्पन्न होत, आणि त्या हक्कांवरून वादही होत, हें येथें दिसतें.

(५)

आतां उषवदाताच्या लेखाकडे वळूं. त्यानें चातुर्दिश संघास लेणें दिलें व त्याबरोबर ३००० कार्षापणांची अक्षयनीवि दिली. ही रक्कम गोवर्धन येथील श्रेणींत ठेवली. कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका निकायांत २०००, दरमहा शेंकडा एक प्रतिक व्याजानें. विणकरांच्याच दुसऱ्या निकायांत १०००, दरमहा शेंकडा ‘पायून’ प्रतिक व्याजानें. (‘पादोन’ शब्दाचें हें रूप व आपला ‘पाऊण’ ह्यांतील सांखळी स्वच्छ आहे.) मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें, अशी अट आहे. पैकीं २००० च्या व्याजांतून आपल्या लेण्यांत ‘वसवुथ’ झालेल्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावे, आणि १००० च्या व्याजांतून कुशणमूल द्यावें. हें सर्व निगमसभेंत ऐकवून फलकवारांत नोंदविलें.

हिशेब करून पाहावा. २००० वर दरमहा शेंकडा एक म्हणजे महिन्यास २०, वर्षास २४०. वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा, म्हणजेही २४०. एक कवडीचाही फरक पडत नाहीं. ह्यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, चीवराचें द्रव्य वर्षांतून एकदांच देत; बारा महिन्यांचें व्याज मिळून एका वर्षावासाचा खर्च भागे. दुसरी, दात्यानें भिक्षूंची संख्या आधीं ठरवून मग मुद्दल ठरविलें; उलट नव्हे. तिसरी, लेण्याची सामावणूक ठरलेली होती. त्या लेण्यांत सभागृहाभोंवतीं सोळा कोठड्या आहेत व ओसरीच्या दोन टोंकांस दोन ‘ओवरक’ आहेत. हे दोन्ही उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिनें दिल्याचे लेख त्यांच्या दारांवर आहेत. (आपला ‘ओवरी’ शब्द येथें आठवावा.) अठरा खोल्या व वीस भिक्षु, हें प्रमाण वाजवी दिसतें, कांहीं खोल्यांत दोघे राहत असावेत. दुसऱ्या १००० चें व्याज वर्षास ९० होतें. ‘कुशणमूल’ शब्दाच्या अर्थाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. ९० स विसांनीं भागल्यास साडेचार येतात. पण लेखांत ह्या रकमेस दरडोई आंकडा जोडलेला नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

ह्याच लेण्यांतील उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखाशीं हें ताडून पाहिलें म्हणजे ‘वसवुथ’ शब्दाचें महत्त्व कळतें. तेथें त्यानें अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणापासून ४००० कार्षापणांस शेत विकत घेऊन दिलें आहे, व त्यांतून लेण्यांत राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघास मुखाहार, म्हणजे अन्न, मिळावें असें म्हटलें आहे. येथें वर्षावासाची अट नाहीं. लेण्यांत जो कोणी राहील त्यास अन्न. वस्त्र मात्र वर्षावास पुरा करणाऱ्यास. विनयानेंही हाच भेद केला आहे. अन्न आलेल्या प्रत्येकाचें, पण वर्षाकालाचें वस्त्र तेथें वर्षा राहिलेल्याचें. क्षत्रपाच्या जांवयाचा लेख लिहिणारा विनय जाणणारा असावा, किंवा भिक्षूंनींच मसुदा पाहिला असावा, असा आमचा तर्क आहे. दोन्ही लेखांतील शब्दांचें भाषांतर ‘राहणारे’ असें एकच केल्यास हा सर्व भेद पुसला जातो.

(६)

ह्या विवेचनास एक आक्षेप निघण्याजोगा आहे, तो आम्हीच मांडतों. कार्ल्याच्या लेखांत त्याच उषवदातानें वलूरक येथील लेण्यांतील प्रव्रजितांच्या निर्वाहार्थ करजिक नांवाचें गांव दिलें आहे, आणि तेथें ‘वासवासित’ असा शब्द आहे. सेनार यांनीं त्याचा अर्थ वर्षावास करणारे असा घेतला. तसें असेल तर कार्ल्यास निर्वाहाचें साधनही वर्षावासास जोडलेलें होतें, आणि अन्न व वस्त्र ह्यांतील भेद सर्वत्र पाळला जात नसे. ‘वस्स’चें ‘वास’ होणें प्राकृतांत अशक्य नाहीं. वर सांगितलेला जैनांचा ‘वासावास’ त्यास साक्षी आहे. परंतु ‘वास’ हा साधा निवासवाचक शब्दही असूं शकतो, आणि नाशिकच्या लेखांत ‘वस’ असें ह्रस्व लिहिणाऱ्या दात्याच्या कार्ल्याच्या लेखांत दीर्घ ‘वास’ असावा, हें विचार करण्याजोगें आहे. आम्ही येथें निर्णय देत नाहीं; कार्ल्याचा लेख नाशिकच्या अर्थास बाध आणीत नाहीं, एवढेंच म्हणतों.

कान्हेरीच्या अनेक लेखांत अक्षयनीवीच्या उत्पन्नांतून ‘चिवरिक’ देण्याची तरतूद आहे, आणि त्यांपैकीं कांहींत ‘उतुकालीं’ दरमहा एक प्रतिक द्यावा असेंही आहे. ‘उतुकाल’ म्हणजे पावसाळा, असा अर्थ करण्याचा मोह होतो. कारण लेण्याचा सर्व थाट वर्षावासाचा आहे. परंतु चुल्लवग्गांतील जो निर्बंध आम्हीं वर ध्यानांत ठेवावयास सांगितला, त्यांत ‘वर्षा’ व ‘उतुकाल’ हीं परस्परविरुद्ध पदें आहेत. उतुकाल म्हणजे वर्षेबाहेरचा काळ. हा अर्थ घेतल्यास लेखांची संगति चांगली लागते. वर्षावासाबद्दल चीवराचें द्रव्य, आणि वर्षेबाहेर जे भिक्षु लेण्यांत राहतील त्यांस दरमहा किरकोळ खर्चासाठीं एक प्रतिक. अर्थात् कान्हेरीस पावसाळा संपल्यावरही वस्ती राहत असे, हें अनुमान ह्या एका शब्दावर निघतें. लेण्यांच्या इतिहासांत हा मुद्दा लहान नाहीं.

(७)

गृहस्थांचें स्थान ह्या सर्वांत कोणतें? तें मुख्यतः दात्याचें व श्रोत्याचें. पक्षाच्या अष्टमीस, चतुर्दशीस व पौर्णिमा-अमावास्येस उपासक विहारांत जाऊन आठ शीलें घेत व धर्मोपदेश ऐकत. इतर पंथ ह्या तिथींस जमतात, आपणही जमावें, अशी सूचना बिंबिसारानेंच केली असें महावग्ग सांगतो. सयामांत गृहस्थानें आयुष्यांत एक वर्षावास भिक्षु होऊन काढावा, अशी रीत आहे. पण तेथेंही तो चीवर धारण करूनच राहतो. गृहस्थ गृहस्थच राहून दहा दिवस विहारांत किंवा केंद्रांत बसतो व आचार्यांच्या देखरेखीखालीं दिवसभर ध्यान करितो, हा प्रकार अर्वाचीन आहे, व त्याचें मूळ ब्रह्मदेशांत आहे. लेडी सयाडो (१८४६-१९२३) यांनीं गृहस्थांस ध्यान शिकविण्याचा पुरस्कार केला. त्यांचे शिष्य सया तेजी (१८७३-१९४५) हे स्वतः शेतकरी गृहस्थ होते. पुढें ऊ बा खिन (१८९९-१९७१) ह्या सरकारी हिशेबखात्यांतील अधिकाऱ्यानें १९५२ मध्यें रंगून येथें केंद्र काढलें. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका (१९२४-२०१३) १९६९ मध्यें भारतांत आले, व १९७६ पासून इगतपुरीचें धम्मगिरि केंद्र चालू आहे. ह्या परंपरेचा साधनामार्ग आनापानापासूनच आरंभ होतो, त्यामुळें ग्रंथांशीं तिचें नातें खरें आहे. तथापि संस्था म्हणून शिबिर निराळें व वर्षावास निराळा. शिबिरांत दहा दिवसांपैकीं बहुतेक काल साधकांनीं आपसांत बोलावयाचें नाहीं. वर्षावासाचा शेवटचा दिवस एकमेकांचे दोष बोलून दाखविण्यासाठींच राखलेला होता. शिबिरांतील मौन मुदतीचें आहे व आचार्यांशीं बोलण्यास तेथें मोकळीक आहे, म्हणून कोसलच्या भिक्षूंवरील ठपका त्यास लागूं करणें अन्यायाचें होईल. पण शिबिरावरून लेण्यांचा अर्थ लावणें हेंही तितकेंच चुकीचें आहे.

प्राचीन वर्षावासाचा अभ्यास मराठींत करावयाचा तर धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांस पहिला मान द्यावा लागतो. गोमंतकांत जन्मलेल्या ह्या पंडितानें १९०२ मध्यें सिंहलद्वीपांत विद्योदय विद्यालयांत प्रव्रज्या घेऊन विनय प्रत्यक्ष आचरणांत पाहिला, व पुढें ‘बौद्धसंघाचा परिचय’ लिहिला. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या बुद्धविहारांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन करण्याची प्रथा पडली आहे. त्या तिथी विनयांत सांगितलेल्याच आहेत, आणि ज्या डोंगरांत हे लेख कोरले गेले त्यांच्या पायथ्याशीं त्या पुन्हां पाळल्या जात आहेत.

(८)

शेवटीं संग्राहकांस व ठसे घेणाऱ्यांस एक विनंती. लेण्यांतील दानलेखाची नक्कल किंवा भाषांतर करितांना वस, वास, वसत व वसवुथ हीं रूपें एकमेकांच्या जागीं घालूं नयेत. ह्रस्वदीर्घ जसें दगडावर असेल तसेंच उतरावें. चिवरिक, मुखाहार, यापन व उतुकाल ह्यांपैकीं कोणता शब्द कोणत्या रकमेशीं जोडला आहे, हें स्वतंत्र टिपावें. आंकडे दिले असल्यास व्याजाचा गुणाकार करून पाहावा. अक्षर झिजलेलें असेल तेथें पुष्कळदां हिशेबच तें भरून देतो. असे पांचपन्नास लेख एकत्र लावले म्हणजे कोणत्या लेण्यांत किती भिक्षु वर्षा राहत, कोठें बाराही महिने वस्ती होती व कोठें तीनच महिने, हें निश्चयानें सांगतां येईल. हें काम एका माणसाचें नव्हे; परंतु ज्याच्यापाशीं जेवढे ठसे असतील तेवढ्यांपुरतें तें त्यानें केलें, तरी पुष्कळ होईल.